उलटी चिठ्ठी

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मी बारा वर्षं पीआरओ होतो. नोकरी लागली तेव्हा आईनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं रे?" मी म्हणालो, "जनसंपर्क." खरं तर जनतेशी माझा काडीचा संबंध नव्हता. कवठे महांकाळ, जत, आटपाडी, तासगाव आणि हद्दीपलीकडचं कर्नाटकातलं अथणी, एवढ्या टापूतले दीडशेएक डॉक्टर हीच माझी जनता. त्यांनी आपल्याकडचा अवघड पेशंट आमच्याकडं पाठवावा, म्हणून मला पगार मिळायचा.

त्याआधी दहा वर्षं मी औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर होतो. त्या धंद्यानं मला एकच विद्या दिली, थांबण्याची. दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर, चपलांच्या ढिगाशेजारी, बॅग मांडीवर घेऊन बसायचं. आतून बोलावणं येईपर्यंत शेजारच्या म्हातारीचं गुडघेपुराण ऐकायचं. डॉक्टर कसा आहे हे केबिनमध्ये कळत नाही, बाकड्यावर कळतं. "ह्यो डॉक्टर सुई लगीच देत न्हाई, पर कळतंय त्येला," असं एखादी बाई म्हणाली, की मी डायरीत त्या नावापुढं फुली मारायचो. फुली म्हणजे चांगला. का ते आता आठवत नाही.

रुग्णालयात आलो २००९ मध्ये, ती डायरी घेऊनच. पहिल्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या डॉक्टरांची अ, ब, क अशी यादी करायला सांगितली. कंपनीतही हेच होतं. तिथं कोण किती औषध लिहितो यावर वर्ग ठरायचा, इथं कोण किती पेशंट पाठवतो यावर. माझ्या फुल्या त्या यादीत कुठंच बसेनात. बाकड्यावरच्या बायका ज्यांचं नाव काढायच्या, ते बहुतेक 'क' वर्गात निघाले.

मिरजेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं ते १८९४ मध्ये. रेल्वेचं जंक्शन असल्यानं लांबलांबचे पेशंट गाडीनं उतरायचे. तेव्हापासून 'मिरजेला न्या' हे वाक्य हद्दीच्या दोन्ही बाजूंना मराठी-कन्नडमध्ये बोललं जातं. आज इथं एका गल्लीत सतारी बनतात आणि कुठल्याही रस्त्याला वळलं की दवाखान्यांच्या पाट्या लागतात. जतकडून निघालेल्या पेशंटला इथं आल्यावर दारं भरपूर. त्यातलं कुठलं, हे गावातला डॉक्टर ठरवतो. घरची माणसं गोंधळलेली असतात, वडापची जीप बाहेर उभी असते, डॉक्टर चिठ्ठीवर एक नाव खरडतो. संपलं.

त्या एका नावाची किंमत आमच्या धंद्यात ठरलेली होती. 'कट' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. 'हिशेब' म्हणायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अकाउंट्सकडून पाकिटं यायची. वर नाव नसायचं, पेन्सिलीनं यादीतला अनुक्रमांक घातलेला असायचा. दर सगळ्यांना पाठ, लिहिलेला कुठंच नाही. मी ती पाकिटं वाटली. चार-पाच वर्षं वाटली. 'मला भाग पडलं' असं लिहायला हात शिवशिवतोय, पण तसं काही नव्हतं. घराचे हप्ते चालू होते आणि सगळेच वाटत होते. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं आणि घेणं, दोन्ही भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत निषिद्ध आहे. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते पाकीट ड्रॉवरमध्ये सरकवून "चहा घेणार ना?" असं विचारायचे.

सगळे घेत नव्हते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा चेक आला, तेव्हा त्यांनी सरळ मेडिकल कौन्सिलकडं तक्रार केली. ती बातमी आमच्या ऑफिसात दोन दिवस दबक्या आवाजात फिरली. माझ्या टापूत तक्रार करणारा कुणी नव्हता, पाकीट परत करणारे मात्र होते.

त्यातले एक जतच्या पुढं, जिथं मराठीपेक्षा कन्नड जास्त कानावर पडतं अशा गावातले. बीएएमएस, पंचावन्नच्या आसपासचे, तीस वर्षांची प्रॅक्टिस. बाजारच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. ईसीजीचं मशीन त्यांनी कर्ज काढून घेतलं होतं आणि त्यावर विणलेलं कव्हर घालून ठेवायचे. माझ्या डायरीत त्यांच्या नावापुढं फुली होती. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे कशाचं?"

"सर, गेल्या महिन्यातले तीन पेशंट..."

"त्यातला एक माझ्या कंपाउंडरचा मेव्हणा. तुमचं बिल भरायला म्हैस विकली त्यांनी. हे त्याच्या बिलात कमी करायचं की." त्यांनी पाकीट उचलून माझ्या बॅगेवर ठेवलं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "बरं, ते ऱ्हाऊ दे. तो दम लागलेला म्हातारा पाठवलावता बघा, त्याचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. तीन पेशंट पाठवल्याचे पैसे माझ्याजवळ होते आणि त्या तिघांपैकी एकाचंही नाव मला सांगता आलं नसतं.

"तीन आठवडे झाले," ते म्हणाले. "तुमच्याकडं माणूस पाठवला की विहिरीत दगड टाकल्यासारखं होतं. बुडाल्याचा आवाजसुद्धा येत नाही."

मिरजेला परतल्यावर मी रेकॉर्ड रूममधून फाइल काढली. म्हातारा सहाव्या दिवशीच घरी गेला होता. ठीक होता. पण सुटी देताना आमच्याकडच्या कुणीतरी बजावलं होतं, "आता तिकडं कुठं दाखवू नका, इथंच या." म्हणजे रक्तदाब बघायला ऐंशी किलोमीटर! म्हातारा ना इकडं आला ना गावच्या डॉक्टरांकडं गेला. भिंतीपलीकडं राहणाऱ्या डॉक्टरांना तो चुकवत होता, कारण मोठ्या दवाखान्यानं मनाई केली होती.

हे आमच्याकडं मुद्दाम चालायचं. पेशंट एकदा दारात आला की तो आपला, अशी ती रीत. गावच्या डॉक्टरांची खरी चीड पाकीट कमी-जास्त होण्यावर नसायची, या रीतीवर असायची. "आमचा पेशंट खाल्ला" हा शब्दप्रयोग मी किती दवाखान्यांत ऐकला असेल! वीस वर्षं ज्याच्या घरात तीन पिढ्यांची बाळंतपणं, ताप, विंचू पाहिले, ते घर एका चिठ्ठीनं तुटायचं. मग पुढचा पेशंट पाठवताना त्यांचा हात आखडायचा. आणि हात आखडला की उशीर व्हायचा. हा उशीर कुठल्याच हिशेबात दिसत नाही, पण मी तो कॅज्युअल्टीत पाहिलाय.

मी एक शंभरपानी वही घेतली. पाच रकाने आखले: तारीख, पेशंट, कुणी पाठवला, काय निघालं, कळवलं कधी. रोज संध्याकाळी सातला आयसीयूच्या दारात उभा राहायचो. सुरुवातीला सिस्टर ओरडायच्या, "तुमचं काय काम इथं?" मी विचारायचो, "बेड नंबर चार, आटपाडीचे, कसे आहेत?" आठवड्याभरात त्या मला स्वतःहून सांगू लागल्या. मग खाली येऊन फोन. "सर, तुम्ही पाठवलेल्या पाटील बाईंचं पोटाचं ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटलेलं होतं, आता बऱ्या आहेत." पलीकडं आधी शांतता असायची. पैशांशिवाय मिरजेहून फोन येतो, याची सवय नव्हती.

फोन पुरत नव्हता. पुढं काय करायचं हे लेखी हवं होतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, तेही आरएमओच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या अक्षरात. जतपुढच्या उमदी-संखकडचा कन्नड बोलणारा पेशंट ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवामागं ठेवायचा. मी आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांना म्हणालो, पाठवणाऱ्या डॉक्टरांना चार ओळींचं पत्र द्या. उत्तर आलं, वेळ कुठाय? शेवटी मसुदा मीच करू लागलो. तीन ओळी: काय निघालं, काय केलं, तुम्ही आता काय करायचं. डॉक्टर वाचून दुरुस्त करायचे आणि सही करायचे. ऑफिसात त्याला 'उलटी चिठ्ठी' असं नाव पडलं, थोडं चेष्टेनंच.

तिसऱ्या ओळीत सगळा जीव होता. हृदयात स्टेंट बसवलेला माणूस गावी गेला, पित्त झालं, कुणीतरी रक्त पातळ करणारी गोळी बंद केली, आणि स्टेंट बंद पडून माणूस परत आला. असं झालेलं होतं. झडप बदललेल्या बाईला ॲसिट्रॉम, तीही रक्त पातळ करणारीच गोळी, चालू असताना कुणी दुखण्याचं इंजेक्शन ठोकलं, असंही झालेलं होतं. मग मोठ्या डॉक्टरांनी गावच्या डॉक्टरला नावं ठेवायची, हा शिरस्ता. पण त्याला कुणी सांगितलं होतं? आता तिसरी ओळ सांगायची: 'क्लोपिडोग्रेल वर्षभर बंद करू नये, पित्त झाल्यास पॅन्टोप्राझोल द्यावं, शंका आल्यास या नंबरवर फोन करावा.' त्याखाली डॉक्टरांचा स्वतःचा मोबाइल नंबर. हा नंबर छापायला दोघांनी साफ नकार दिला. त्यांच्या पत्रांवर मी माझा छापला आणि रात्री-अपरात्री निरोप पोचवत बसलो.

खूप नंतर मला कळलं की ही काही माझी अक्कल नव्हती. त्याच २००२ च्या नियमावलीत लिहिलंय की विशेषज्ञाकडं पेशंट पाठवताना सोबत माहितीचा सारांश द्यावा आणि विशेषज्ञानं आपलं मत पाठवणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावं. कमिशनबंदीचं कलम निदान चर्चेत तरी असतं. हे मोडल्याची बातमी कुठं येत नाही.

पाकिटं थांबली ती तत्त्वासाठी नव्हे. नोव्हेंबर २०१३ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आमच्या जिल्ह्यातही आली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत, आणि प्रत्येक उपचाराचा दर सरकारनं बांधून दिलेला. (पुढं २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं, पण गावात अजून 'जीवनदायी'च म्हणतात.) बांधलेल्या दरातून पाकीट निघेना, म्हणून साहेबांनी पाकीट बंद केलं आणि मीटिंगमध्ये भाषण मात्र नीतिमत्तेवर केलं. मी टाळ्या वाजवल्या.

परिणाम लगेच दिसला. 'अ' वर्गातली बरीच नावं दोन महिन्यांत गळाली. त्यांचे पेशंट दुसऱ्या दारात जाऊ लागले. उलट्या चिठ्ठ्यांनी ते परत आले असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल. जे पैशांसाठी पाठवत होते ते पैशांमागं गेले. गंमत झाली ती 'क' वर्गात. जे पूर्वी आमच्याकडं पाठवतच नव्हते, त्यांच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. पहिला प्रश्न असायचा, "योजनेत बसतंय का?" आणि दुसरा, "कळवणार का?" बेरीज पूर्वीइतकी कधीच झाली नाही. साहेब ते मला दर मार्चमध्ये ऐकवायचे. २०१७ मध्ये सरकारनं माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायदा झाला नाही. पाकिटं काही दारांत अजून चालतात. आता ती फोनवरून जातात, एवढाच फरक.

जतपुढच्या त्या सरांशी माझं चांगलं जमलं होतं आणि ते एका रात्रीत तुटलं.

एक शेतकरी, पन्नाशीचा. रात्री दहाला छातीत जड वाटलं, दरदरून घाम. सरांनी कव्हर काढून ईसीजी घेतला, झटका ओळखला, डिस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दिली, सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवली, १०८ ची रुग्णवाहिका बोलावली आणि मला फोन केला. सगळं पंधरा मिनिटांत. पेशंट आमच्याकडं पोचला तेव्हा रक्तदाब सत्तरवर होता. झटका हृदयाच्या खालच्या भिंतीचा होता आणि त्यात उजवा कप्पाही सापडला होता. अशा वेळी हृदयाकडं परत येणाऱ्या रक्तावरच सगळी भिस्त असते. सॉर्बिट्रेटनं ते कमी होतं आणि प्रेशर कोसळतं. आमचे तरुण कार्डिऑलॉजिस्ट पेशंटवर झुकलेले होते. मान वर न करता ते नातेवाइकांच्या देखत ओरडले, "ही गोळी कुणी दिली? त्यानंच प्रेशर पडलंय!"

त्यांचं म्हणणं शास्त्रानं बरोबर होतं. सलाइन जोरात सोडलं, प्रेशर वर आलं, अँजिओप्लास्टी झाली, पेशंट जगला. पण पेशंट गावी पोचायच्या चार दिवस आधी ते वाक्य पोचलं होतं. पुढच्या बाजाराला सरांच्या दारात चपला नव्हत्या.

मी गेलो. कंपाउंडर म्हणाला, "सर न्हाईत." पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. दुसऱ्या खेपेलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. चौथ्या खेपेला मी बाकड्यावर बसूनच राहिलो, ही विद्या होतीच. दुपारी दीडला त्यांनी आत घेतलं. आवाज चढला नव्हता. म्हणाले, "चूक झाली असेल माझी. मला फोन करून झाडायचं की. पोरासारखा आहे तो, मी ऐकून घेतलं असतं. लोकांना कशाला सांगितलं?"

कार्डिऑलॉजिस्टना मी हे सांगितलं तर ते भडकले. "मग काय खोटं बोलू?" माणूस वाईट नव्हता. मुंबईत शिकलेला. तिथं पेशंट कुणी पाठवला हे चिठ्ठीवरचं एक नाव असतं. त्या नावाच्या मागं एक गाव असतं, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. पंधरा दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एका शनिवारी रात्री म्हणाले, "उद्या जायचं का?"

रविवारी आम्ही गेलो. गाडीत कुणी बोललं नाही. सरांच्या केबिनमध्ये कार्डिऑलॉजिस्टनी तोच ईसीजी टेबलावर पसरला आणि खालच्या भिंतीचा झटका दिसला की छातीच्या उजव्या बाजूला एक लीड लावून का बघायची, तिथं रेघ वर उचललेली दिसली तर सॉर्बिट्रेट का टाळायची, हे समजावून सांगितलं. सरांनी चष्मा लावून वहीत लिहून घेतलं. दोन प्रश्न विचारले, दोन्ही अचूक. बाहेर पडताना कार्डिऑलॉजिस्ट बाकड्यापाशी थांबले. तीन-चार माणसं बसली होती. त्यांच्याकडं बघून म्हणाले, "त्या रात्री सरांनी पहिल्या गोळ्या देऊन लगेच गाडी बोलावली, म्हणून मला काही करता आलं. नाहीतर तो माणूस रस्त्यातच गेला असता." हेही शास्त्रानं बरोबरच होतं. माफी वगैरे शब्द कुणी वापरला नाही. सरांनी आम्हाला घरी नेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. वजनाला जपणारे आमचे कार्डिऑलॉजिस्ट दोन भाकरी खाऊन उठले.

पुढच्या उन्हाळ्यात सरांची एक चिठ्ठी आली: 'उजवी लीड पाहिली. रेघ वर. सॉर्बिट्रेट दिली नाही. सलाइन चालू केलंय.' कार्डिऑलॉजिस्टनी ती खिशात घातली. माझ्या वहीत चिकटवायला दिली नाही.

यानंतर कॅज्युअल्टीत एक नियम आला. पाठवणाऱ्या डॉक्टरांबद्दल जे बोलायचं ते त्यांच्याशीच आणि फोनवर. कागदावर लावला नव्हता, पण नव्या आरएमओला पहिल्या दिवशी सिस्टरच सांगायच्या.

दुसरा नियम माझा. पेशंट गेला, तर गाडी सुटायच्या आधी गावच्या डॉक्टरांना फोन. हा फोन मला कधीच सोपा गेला नाही. पण प्रेत गावात पोचतं ते बहुधा रात्री. जमाव आधी घरापाशी जमतो आणि मग काही पोरं दवाखान्याकडं वळतात: "तुम्हीच पाठवलंत ना तिकडं?" त्या क्षणी डॉक्टरांना काहीच माहीत नसेल तर त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ लोकांना अपराधासारखा दिसतो. काय झालं, कशानं गेला, काय काय केलं, एवढं हातात असलं की ते दार उघडून बोलू शकतात. एका डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, की त्या फोननंतर ते स्वतः आधी त्या घरी गेले आणि गाडी येईपर्यंत तिथंच बसून राहिले.

आणि 'नाही' सांगणं. पीआरओनं 'नाही' म्हणायचं नसतं, असं मला शिकवलं होतं. पण सर्पदंशाचा पेशंट आहे, श्वास अडखळतोय आणि आमचे सगळे व्हेंटिलेटर लागलेले आहेत, तर "आणा, बघू" म्हणण्यासारखं पाप नाही. "इकडं आणू नका सर, सरळ सिव्हिलला न्या, मी तिथं फोन करून ठेवतो." करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, मी दिवसभर हेच बोलत होतो. त्या दोन महिन्यांत माझ्या 'नाही'वर कुणी रागावलं नाही. रागावले ते ज्यांचा फोन मी उचलू शकलो नाही ते.

त्याच वर्षाच्या शेवटी मी नोकरी सोडली. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. त्याच्याकडं मोबाइलवरचं ॲप आहे, पेशंटला सुटी मिळाली की पाठवणाऱ्या डॉक्टरांना आपोआप मेसेज जातो. त्यात पेशंटचं नाव असतं, तारीख असते आणि 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' असतं. तिसरी ओळ नसते. मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "काका, त्याला फील्डच नाहीये."

तर वाचणाऱ्यांना एकच सांगणं आहे. मोठ्या दवाखान्यातून सुटी झाली की कार्डाची झेरॉक्स काढा आणि आपल्या गावच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा, कुणी 'तिकडं दाखवू नका' म्हणालं असलं तरी. बाजारचा दिवस सोडून जा. सकाळी दहाच्या आत गेलात तर गर्दी नसते.